ठेंगणीचा न सापडलेला दोष

६ जानेवारी

आत्या,

ठेंगणी काल दुपारी सुखरूप पोचली. ट्रकमधून उतरवताना दोन्ही हमाल हसत होते. एक म्हणाला, ही गाडी आहे की गाडीचं पिल्लू. मला राग आला, पण मी चाकांखालची उतरायची फळी सरळ आहे का तेवढंच बघत राहिलो. कुठे ओरखडा नाही. मागच्या दिव्याची काच तडकलेली आहे, पण तड्यात जुनी धूळ बसलेली आहे, म्हणजे ती प्रवासात तडकलेली नाही. हे लिहून ठेवतो.

तू फोन नको, पत्र लिही म्हणालीस, कारण फोनवर मी नुसतं ‘हो, हो’ करतो. ते खरं आहे. पत्र मी आधी कच्चं लिहितो, मग पक्कं करतो. शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही. गोदामातही पेट्यांवरचे पत्ते मलाच लिहायला देतात.

आपलं जे ठरलंय ते एकदा मांडतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. चोवीस मार्चला मोठ्या मैदानावर ऑटोक्रॉस आहे. ठेंगणी मी तयार करायची, चालवणार तू. ती तपासणीत पास झाली आणि तिन्ही फेऱ्या नीट पूर्ण झाल्या, तर मी गॅरेजमध्ये परत जायचं. फोरमननी माझी जागा मार्चअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे. गाडी नापास झाली किंवा मध्येच बंद पडली, तर हे काम माझं नाही असं समजून मी गोदामातच राहायचं. ही शेवटची अट तू घातलेली नाहीस, मी घातली आहे.

आई विचारत होती, शर्यत म्हणजे गाड्या एकमेकींवर आपटतात का. मी सांगितलं, एका वेळी एकच गाडी असते. मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट केलेली असते, ती सगळ्यात कमी वेळात पार करायची. शंकू पाडला की दोन सेकंद वाढतात. आई म्हणाली, एवढंच असेल तर लोक बघायला कशाला जातात. तिला काळजी तुझीच आहे. तुझं वय तिने दोनदा काढलं.

त्या दिवसाचंही तू लिहायला सांगितलं होतंस. लिहितो. मी एका व्हॅनची चारही चाकं बसवत होतो. तीन घट्ट केली. चौथ्याचे नट हाताने फिरवून ठेवले, तेवढ्यात पलीकडे जॅक धरायला मला हाक आली. परत आलो तर व्हॅन गेली होती. मला वाटलं, कुणीतरी घट्ट केले असतील. चाक चौकात निखळलं. व्हॅन हळू होती, कुणाला खरचटलंही नाही. आत एक बाई आणि तिचं तान्हं बाळ होतं. फोरमननी मला काढलं नाही, मीच दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. याला सात महिने झाले. त्यानंतर मी कुणाच्याही गाडीला हात लावलेला नाही. ठेंगणी पहिली.

आता महत्त्वाचं. गेल्या वर्षी दुसऱ्या फेरीत ठेंगणीचं इंजिन अचानक बंद पडलं, म्हणून तू मैदानातून ढकलत बाहेर आलीस. नेमकं कुठे बंद पडलं? आधी धक्के बसले का? पुन्हा कधी सुरू झालं? तो दोष सापडल्याशिवाय मी तुला तिच्यात बसू देणार नाही.

तुझा भाचा

*

१४ जानेवारी

मास्तर,

पत्र मिळालं. एकही चूक नाही. तुझ्या ताईला दाखवलं, तर ती म्हणते, याने सरकारी नोटिशी लिहायला हव्यात. एवढी शिकलेली माझी लेक, पण किराण्याच्या यादीत तिचे दोन शब्द चुकतात.

ठेंगणीला जपतोस हे बरं आहे, पण तिला काचेचं भांडं समजू नकोस. सव्वीस वर्षं मी तिला चाबकासारखी फिरवली आहे. ब्रेकचं तेल आधी बदल. पुढच्या टायरांत मागच्यांपेक्षा हवा थोडी जास्त ठेव. टायरच्या कडेला खडूने उभी रेघ मार आणि जोरात एक वळण घे. रेघ किती पुसली जाते त्यावरून हवा कमी आहे की जास्त ते कळतं. कार्ब्युरेटरची सुटी स्प्रिंग हत्यारांच्या पेटीत खालच्या कप्प्यात आहे, गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत. डबी निळी आहे. तिच्यावरचं झाकण उलटं बसतं.

बंद पडण्याचं काय घेऊन बसलास. डाव्या वळणावर खोकली आणि गप्प झाली. नंतर सुरू झाली. कचरा आला असेल. म्हातारी झाली आहे ती, तिची एवढी चौकशी कुणी करतं का? बाकीचं नीट केलंस की पुरे.

आणि वहिनीला सांग, माझं वय काढलंस तर तुझंही मला पाठ आहे.

आत्या

*

२८ जानेवारी

आत्या,

डबी सापडली. निळीच आहे आणि झाकण उलटंच बसतं.

तुझ्या पत्रातल्या मधल्या दोन ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. ‘खडूने उभी रेघ’ हे मी अंदाजाने वाचलं. बरोबर आहे ना?

झालेली कामं अशी. ब्रेकचं तेल बदललं. जुनं चहासारखं काळं होतं. पुढचे ब्रेक पॅड नवे घातले. बॅटरी जागेवर हलत होती, तिला पट्टी मारून घट्ट बसवली. सीटखालून एक जुना मोजा, दोन पेन्सिली आणि तुझा हरवलेला चष्मा निघाला. चष्मा धुऊन ठेवला आहे.

डाव्या वळणावर खोकली, यावरून मला वाटलं की वळताना पेट्रोल एका बाजूला जात असावं आणि इंजिनला पुरत नसावं. म्हणून दोन्ही कार्ब्युरेटर खोलले. आत कचरा नव्हता. पातळी मोजली, बरोबर होती. टाकी रिकामी करून बघितली, पंप बघितला, नळ्या फुंकून बघितल्या. पुन्हा बसवलं. मग मन मानेना, म्हणून पुन्हा खोललं. तेव्हाही काही सापडलं नाही. त्या गोष्टीला आठ दिवस झाले आणि मी आणखी एकदा खोलणार आहे.

दोष आहे आणि मला दिसत नाही, याचा अर्थ मी बघतोय तिथे लक्षच देत नाहीये. व्हॅनच्या वेळीही असंच झालं होतं. म्हणून नीट आठवून सांग. खोकली तेव्हा आवाज कसा होता? तुझा पाय ब्रेकवर होता की ॲक्सिलरेटरवर? किती वेळाने सुरू झाली?

फोरमन परवा रस्त्यात भेटले. जागेचं काहीच बोलले नाहीत, तब्येत विचारली. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तुझा भाचा

*

७ फेब्रुवारी

मास्तर,

तू पोलिसात का गेला नाहीस? एवढे प्रश्न मला लग्न ठरताना कुणी विचारले नव्हते.

सरळ रस्त्यावर जात होते, पाय ॲक्सिलरेटरवर होता, आवाजबिवाज काही नाही, बंद पडली. पाच मिनिटांनी सुरू झाली. झालं समाधान? आता तो कार्ब्युरेटर बसव आणि पुन्हा खोलू नकोस. सारखं खोलून चांगली वस्तू बिघडते.

इथे बरं आहे. तुझ्या ताईने बैठकीच्या खोलीत नवे दिवे बसवले आहेत, पण उजेड कंदिलाएवढाच पडतो. मी सांगितलं तर म्हणते, आई, जुन्यांपेक्षा दुप्पट आहेत. दुकानदाराने फसवलं तिला. संध्याकाळी फिरायला जाणं मी बंद केलं आहे. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली असे पसरट करून ठेवले आहेत की डोळ्यांत झाडू मारल्यासारखं होतं.

चष्मा ठेव तुझ्याकडेच. नवा तरी कुठे उपयोगी पडतोय.

गाडी नाही झाली वेळेत तरी चालेल रे. पुढच्या वर्षीही मैदान तिथेच असणार आहे.

आत्या

*

१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून हे लिहितोय. चौदा जानेवारीच्या पत्रात तू म्हणतेस, डाव्या वळणावर खोकून बंद पडली. सात फेब्रुवारीच्या पत्रात म्हणतेस, सरळ रस्त्यावर आवाज न करता बंद पडली. तू खोटं कशाला बोलशील. म्हणजे दोष दोन आहेत. एक पेट्रोलचा, एक विजेचा.

विजेची बाजू मी पूर्ण बदलली. प्लग, वायर, कॉइल, सगळं. इग्निशनच्या किल्लीमागची तार थोडी सैल वाटली, तीही नवी टाकली. सैल होती की मलाच तशी वाटली, ते आता सांगता येत नाही.

रविवारी गोदामाच्या मागचं आवार रिकामं असतं. साहेबांची परवानगी घेऊन तिथे अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या आणि ठेंगणीला चाळीस फेऱ्या मारल्या. डावीकडे, उजवीकडे, सरळ, गरम इंजिनावर, थंड इंजिनावर. पहारेकरी खुर्ची टाकून बघत बसला होता. विसाव्या फेरीनंतर तो म्हणाला, बाबा रे, ही चांगली चालते आहे, आता तिला पाणी तरी पाज. एकदाही बंद पडली नाही.

कुणालाही याचा आनंद झाला असता. मला त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. कारण ती चोवीस मार्चला तुझ्या पायाखाली बंद पडणार. मागून गाडी येत नाही हे खरं, पण तू वळणात असशील, स्टिअरिंग जड होईल, आणि ते माझ्या हातून झालेलं असेल. जे आहे ते मला सापडत नाही. फोरमन म्हणायचे, हात चुकला तर शिकवता येतो, पण नजर नसेल तर काय करणार. मला नजर नाही.

म्हणून ठरवलं आहे. एक तारखेला फोरमनना भेटून सांगतो की जागा दुसऱ्याला द्या. ठेंगणी ट्रकने परत पाठवतो. काम कुठवर केलं त्याची यादी सीटवर ठेवीन, म्हणजे पुढच्या माणसाला त्रास नको.

तू मला ही गाडी कशासाठी पाठवलीस ते मला कळत होतं. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा भाचा

*

२३ फेब्रुवारी

मास्तर,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे. हातातलं काम ठेव आणि बसून वाच.

ठेंगणीत दोष नाही. डाव्या वळणावर नाही आणि सरळ रस्त्यावरही नाही. गेल्या वर्षी ती बंद पडलीच नव्हती. मी किल्ली फिरवून तिला बंद केलं.

पहिली फेरी जेमतेम झाली. दुसऱ्या फेरीत चार वळणं घेतली आणि पुढे वाट दिसेना. सगळीकडे शंकूच शंकू. उभे कुठले, आडवे कुठले, आत कुठून शिरायचं, काही कळेना. सव्वीस वर्षं मी ते मैदान माझ्या स्वयंपाकघरासारखं ओळखते. मी थांबले. लोक बघत होते. दोन मुलं धावत आली, काकू काय झालं म्हणाली, आणि माझा हात आपोआप किल्लीवर गेला. म्हटलं, इंजिन गेलं. गाडीला तोंड नसतं, म्हणून तिच्यावर ढकललं.

तुझ्या आजीला शेवटच्या वर्षात घरातल्या घरात वाट सापडत नव्हती. मोरीकडे जायचं म्हणून निघायची आणि दारात उभी राहायची. तिला हाताला धरून मीच न्यायचे. मैदानात थांबले तेव्हा मला तीच दिसली. वाटलं, आता आपलीही सुरुवात झाली. तुझ्या ताईला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

गाडी तुला पाठवली ती तू पुन्हा पाना हातात धरावास म्हणून, हे खरं. पण तू दोष शोधत बसलास तेव्हा मला आतून बरं वाटत होतं. गाडी वेळेत झाली नाही तर मला चालवावी लागणार नाही, असा हिशोब मी करत होते. तू कार्ब्युरेटर तीनदा खोललास आणि मी इथे बसून तुला थापा लिहीत होते. दोन थापा जुळतात का एवढंही मी बघितलं नाही. तू मात्र त्या जुळवत बसलास.

जागा सोडू नकोस. माझ्यावर हवा तेवढा राग धर, दोन महिने पत्र लिहू नकोस, पण त्या माणसाकडे जाऊन नाही म्हणू नकोस.

आत्या

*

२७ फेब्रुवारी

आत्या,

पत्र गोदामात मिळालं. पेट्यांच्या मागे बसून वाचलं. राग आला. खोटं सांगत नाही, खूप आला. घरी जाऊन ठेंगणीचं बॉनेट उघडलं आणि नुसता बघत उभा राहिलो. कार्ब्युरेटर, पंप, नव्या तारा, सगळं जिथल्या तिथे. मग मी तिच्या दाराला टेकून खाली बसलो. सात आठवडे मी नसलेला दोष शोधत होतो आणि तो मला सापडला नाही. म्हणजे माझं बरोबर होतं. मी जितक्या वेळा ‘इथे काही नाही’ असं वहीत लिहिलं, तितक्या वेळा तिथे खरंच काही नव्हतं. आई बाहेर आली, तिला वाटलं मला लागलं आहे. मी हसत होतो, ते तिला उशिरा कळलं.

आता माझं ऐक. मध्येच कागद बाजूला ठेवू नकोस.

फोरमनचा नियम होता, बंद पडलेली गाडी आली की आधी ती चालवणाऱ्याला विचारा. मी तुला गाडीबद्दलच विचारत राहिलो, तुझ्याबद्दल एकदाही विचारलं नाही. ती माझी चूक. काल तुझी सगळी पत्रं ओळीने मांडली आणि इंजिन बघतो तशी बघितली.

पहिल्या पत्रात दोन ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. दुसऱ्यात ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत. कुरियरच्या पत्रात शेवटचे दोन शब्द कागद संपल्यावर लिहिले आहेत, ते बहुधा तुझ्या टेबलावर असतील. ताईने दुप्पट दिवे लावले तरी तुला उजेड कमी वाटतो. समोरच्या गाडीचे दिवे पसरट दिसतात. नवा चष्मा उपयोगी पडत नाही. आणि मैदानात उभा शंकू कुठला, आडवा कुठला, ते तुला कळलं नाही. हे तुझेच शब्द आहेत, ‘वाट दिसेना’. आठवेना असं तू लिहिलेलं नाहीस.

विसरणाऱ्या माणसाला निळ्या डबीचं झाकण उलटं बसतं हे आठवत नाही. टायरमधली हवा आठवत नाही. आईचं वय तर नाहीच.

मला वैद्यकातलं काही कळत नाही. पण ठेंगणी अशी लक्षणं घेऊन आली असती तर मी इंजिन खोललं नसतं. आधी काच पुसली असती. डोळे तपासून घे. पुढच्या आठवड्यात नाही, या आठवड्यात. ताईला सगळं सांग. तू नाही सांगितलंस तर मी फोन करीन, आणि फोनवर ‘हो, हो’ करणार नाही.

फोरमनकडे अजून गेलेलो नाही.

तुझा भाचा

*

११ मार्च

अरे,

हे पत्र मी लिहिते आहे, तुझी ताई. आई सांगते आहे. चुका मोजू नकोस.

आईचं म्हणणं असं. मास्तर, तुझं पत्र मी ताईला मोठ्याने वाचायला लावलं, कारण ते मला धड वाचता येत नव्हतं, आणि हे तोंडाने कबूल करायला मला दोन दिवस लागले. (तीन. मी मोजले.) डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजव्यात इतका पिकलेला की त्यांनी विचारलं, आजी, तुम्ही घरातून इथपर्यंत आलात कशा. मी म्हटलं, गेल्या वर्षापर्यंत गाडी चालवत होते. ते पेन ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी तासभर बसवून काय काय विचारलं. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, पाच वस्तू सांगते त्या लक्षात ठेवा. सगळं आलं. वजाबाकीत त्यांचीच एकदा चूक झाली, ती मी दाखवली. त्या म्हणाल्या, वयाप्रमाणे उत्तम आहे, वर्षाने पुन्हा या. बाहेर आल्यावर मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. (हे लिहू नकोस म्हणते आहे. लिहिलं.)

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन वीस तारखेला आहे. म्हणजे चोवीसला मी येऊ शकत नाही. आता नीट ऐक. ठेंगणी तू चालवायची. तुझं नाव मी आयोजकांना कळवलं आहे, नाही म्हणायला वाव ठेवलेला नाही. पहिला नंबर नको. वाट चालत चालत तीनदा बघून ये, आडवे शंकू कुठे टोक करून आहेत ते बघ, तेच रस्ता दाखवतात. पुढचं वळण दिसलं की मागचं विसर.

आणि मी तिथे नाही हेच चांगलं आहे. मी असते तर तू माझ्या तोंडाकडे बघत चालवली असतीस.

(माझ्याकडून एवढंच की, ती गेले वर्षभर का चिडचिड करत होती ते मला आता कळलं. मी तिच्याशी भांडत होते, दिव्यांवरून. तू तीन पत्रांत पाहिलंस ते मला एका घरात राहून दिसलं नाही. लवकर ये घरी. ताई)

*

२५ मार्च

आत्या, आणि वाचून दाखवणारी ताई,

डोळ्याची पट्टी निघाली असेल तरी हे पत्र आत्याने स्वतः वाचू नये. ताई, सावकाश वाच.

ठेंगणी तपासणीत पास झाली. आधी ते लिहिलं, म्हणजे मध्ये धाकधूक नको. तपासनीस टक्कल पडलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बॅटरी हलवून बघितली, ॲक्सिलरेटर दाबून सोडला आणि आपोआप वर येतो का बघितलं, एकेक चाक वरून-खालून धरून ओढलं. चौथं चाक ओढलं तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. मग फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता, गाडी तयार करणाऱ्याची सही. मी विचारलं, चालवणाऱ्याची की तयार करणाऱ्याची. ते म्हणाले, वाचता येतं ना? तयार करणाऱ्याची. मी सही केली.

वाट मी तीनदा नाही, पाचदा चालून बघितली. पहिल्या फेरीत तरीही एक शंकू पाडला. तो समोरून दिसत होता, माझ्याकडेच बघत होता, आणि मी त्याच्याकडे बघत बघत त्याच्यावर गेलो. एकसष्ट सेकंद आणि वर दोन. दुसऱ्या फेरीत सत्तावन्न. तिसऱ्या फेरीत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. चौथ्या वळणानंतर मी इंजिन ऐकणं सोडून दिलं. तोवर सतत कान देऊन होतो, आता खोकेल, मग खोकेल. ते ऐकणं कधी थांबलं कळलं नाही, आणि वाट आपोआप उघडत गेली. चोपन्न सेकंद आणि काही भाग. तेवीस गाड्यांत माझा सोळावा नंबर. मागे सात जण होते, त्यात एकाची गाडी ठेंगणीच्या निम्म्या वयाची होती. बरेच जण तुझी चौकशी करत होते. मी डोळ्यांचं सांगितलं, इंजिनाचं काही बोललो नाही. ते तुझं तू सांग.

फोरमन आले होते. मी बोलावलं नव्हतं. कुंपणाला टेकून शेंगदाणे खात उभे होते. फेऱ्या झाल्यावर आले, ठेंगणीच्या बॉनेटवर हात ठेवला, म्हणाले, “हिचं काय काय केलंस?” मी वही दिली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली. कार्ब्युरेटर खोलल्याचं पाचव्यांदा आलं (तुला तीनच वेळा माहीत आहे) तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, तुझी परवानगी न घेता. ते इतके हसले की शेंगदाणा घशात अडकला आणि मला त्यांची पाठ थोपटावी लागली.

आता शेवटचं. त्याच्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो.

माझ्या शेजारी एक दातांचे डॉक्टर होते, लाल गाडीवाले. त्यांचा गट आमच्यानंतर होता. दोन फेऱ्यांनंतर त्यांचा ब्रेक मऊ झाला, पाय खाली जायला लागला. त्यांनी ठेंगणीकडे बघितलं, मग मला म्हणाले, ही तुम्ही तयार केली ना, माझं जरा बघता का, तिसरी फेरी अर्ध्या तासात आहे. माझ्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. परक्या माणसाची गाडी आणि ब्रेकचं काम. फोरमन दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण ते आकाशात बघत होते, जणू त्यांचा काही संबंध नाही.

मी चाकं काढली. डॉक्टरांना ब्रेकवर पाय दाबून धरायला बसवलं, एकेका चाकाच्या ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढली, नवं तेल भरलं, नट आवळले. ब्रेकचं पेडल दगडासारखं टणक लागलं. एकदा सगळं बघितलं. दुसऱ्यांदा बघायला वाकलो आणि उठलो. झालं होतं. मी त्यांना म्हटलं, “जा तुम्ही.”

ते गेले. मला भूक लागली होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आईने दिलेला डबा ठेंगणीच्या मागच्या बाजूला सावलीत उघडला. अर्ध्याहून जास्त खाऊन झाल्यावर फोरमन येऊन शेजारी बसले. म्हणाले, “फेरी बघितली नाहीस?”

मी विचारलं, कुणाची.

त्यांनी लाल गाडीकडे बोट केलं आणि डब्यातली लोणच्याची एक फोड उचलली. “एक तारखेला आठला ये,” म्हणाले. “आठ म्हणजे आठ.”

तुझा भाचा